नको ते खोडा

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतल्या बाईला काहीही विचारावं, पण तिचं मत विचारू नये. त्या आठवड्यात मला मत नसतंच. पेपर तपासून मान आखडलेली असते. निकाल दोनदा भरायचा असतो, एकदा हाताने आणि एकदा ऑनलाइन, आणि ऑनलाइनचं पान भरत आलं की नेमकं उडतं. त्यात कुठल्या तरी मतदारयाद्यांची ड्यूटी डोक्यावर असतेच. गोरेगावच्या आमच्या मराठी शाळेत मी सत्तावीस वर्षं शिकवतेय, त्यातली शेवटची बरीचशी सातवीची वर्गशिक्षिका म्हणून. दर एप्रिलला वाटतं, यंदा काही आपण सुट्टी बघत नाही.

आणि नेमकी याच आठवड्यात पालकसभा असते. सुट्टीची आणि पुढच्या वर्षाची तयारी, असं फळ्यावर रंगीत खडूने लिहायचं, पालकांना बाकांवर कोंबून बसवायचं आणि एक पाठपोट छापलेला कागद वाटायचा. तो कागद माझाच. सुट्टीत रोज एक पान शुद्धलेखन, पाढे तिसापर्यंत, एक तरी गोष्टीचं पुस्तक, मोबाइल कमी, शाळा कधी उघडणार, आठवीच्या मुलींना नवा गणवेश म्हणजे पंजाबी ड्रेस आणि ओढणी. दर वर्षी मी त्यात एखादी ओळ वाढवते आणि दर वर्षी तो कुणीही वाचत नाही. डब्याखाली घालायला जातो, हे मला माहीत आहे. मी स्वतःच एका मुलाच्या डब्याखाली तो पाहिलाय, तेलाच्या डागासकट.

यंदाही सभेत मी घसा फोडून अर्धा तास बोलले. मग विचारलं, काही शंका? हात भराभर वर झाले. पहिला प्रश्न, ओढणी शिवून मिळते की पिना लावायच्या? दुसरा, गणवेश त्याच दुकानातून घ्यायचा का, तो माणूस फार उद्धट आहे. तिसरा प्रश्न कोकणात गाव असलेल्या घरांचा, तो दर वर्षी असतोच.

"बाई, परतीचं तिकीट वेटिंगला आहे. शाळा सुरू झाल्यावर चार-पाच दिवस उशीर झाला तर चालेल ना?"

"चालणार नाही," मी म्हटलं.

"पण चालवून घ्याल ना?"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, कारण मी चालवूनच घेते. माझंही माहेर कणकवलीकडचं. मे महिन्यात गावाला गेलेलं माणूस फणस संपल्याशिवाय परत येत नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

कागदाच्या तळाशी एक पट्टी होती, कापून परत द्यायची. आमच्याकडे आठवीपासून दोन तुकड्या होतात. एक सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी सगळं मराठीतून. दुसरी पूर्ण मराठी. कोणती तुकडी हवी ते पालकांनी ठरवायचं. पट्टीवर मुलाचं नाव, खाली 'सेमी इंग्रजी / मराठी', कंसात 'नको ते खोडा', आणि सहीची जागा. अख्ख्या कागदावर खरी महत्त्वाची गोष्ट ती एकच होती. मुलाची पुढची तीन वर्षं त्या एका रेघेवर होती.

पूर्वी मी हे असं उरकत नव्हते. मुलाला आणि आईबापाला एकत्र समोर बसवून विचारायचे. काय करायचंय, इंग्रजीची भीती वाटते का, घरी कुणी बघणारं आहे का. एकेका घराला दहा मिनिटं जायची. मग वर्ग मोठे झाले, कागद वाढले, माझे गुडघे गेले आणि त्या दहा मिनिटांची पट्टी झाली. कुणी सांगितलं नव्हतं. माझं मीच करून टाकलं.

सभा संपली तसे पालक पट्ट्या टेबलावर ठेवून जायला लागले. सगळ्यात शेवटी एक आई उठली. ही बाई अंधेरीला औषधांची पाकिटं भरायच्या कामाला आहे, नवरा एका ऑफिसच्या गेटवर असतो. हाफ डे टाकून आली होती, अजून ओळखपत्र गळ्यात होतं. अख्ख्या सभेत ती एक शब्द बोलली नव्हती. तिने पट्टी माझ्यापुढे सरकवली. सही होती, खोडलेलं काहीच नव्हतं.

"अहो, यातलं एक खोडायचंय," मी म्हटलं.

"तुमीच खोडा काय ता, बाई. आमका त्यातला काय कळता?"

मी मान डोलावली. हे वाक्य मला नवीन नाही. आमच्या शाळेतले निम्मे पालक आजही बाईंवर सगळं सोडून मोकळे होतात. पहिल्या काही वर्षांत या वाक्याने मला रात्रभर झोप यायची नाही. यंदा मला एवढंच वाटलं की चला, हिच्याशी बोलत बसायला नको.

अशा काहीही न खोडलेल्या नऊ पट्ट्या निघाल्या. त्या घेऊन मी शिक्षकखोलीत बसले. मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सकाळीच सांगितलं होतं की सेमीच्या वर्गात बाकं मोजकी आहेत, याद्या आजच द्या. मी आधी पालकांनी ठरवलेल्या पट्ट्या मोजल्या. सेमीत तीन जागा उरत होत्या. मग त्या नऊ पट्ट्यांतल्या वरच्या तिघांवर मी 'मराठी' खोडलं आणि खालच्या सहांवर 'सेमी इंग्रजी' खोडलं. गुण बघितले नाहीत, चेहरे आठवले नाहीत. चहावर साय धरायच्या आत काम झालं होतं. त्या आईच्या मुलीची पट्टी सगळ्यात तळाशी होती, कारण तेवढी एकच माझ्या हातात होती आणि टेबलावर ठेवलेल्या बाकीच्या मी तिच्यावर गोळा केल्या होत्या. ती मुलगी मराठीच्या तुकडीत गेली त्याचं एवढंच कारण आहे. दुसरं कुठलंही नाही. मी खूप शोधलं.

सुट्टीत मी हे साफ विसरले. कांदिवलीच्या घरी पंख्याखाली पडून राहिले, मतदारयाद्यांच्या ड्यूटीसाठी लोकांचे जिने चढले-उतरले, कुणी दार उघडलं, कुणी उघडलं नाही. पालकांच्या ग्रुपवर लोक गावचे फोटो टाकत होते आणि मी अंगठे देत होते.

जूनमध्ये शाळा उघडली, तुकड्यांच्या याद्या फळ्यावर लागल्या. त्या मुलीच्या नावापुढे पहिले सहा दिवस गैरहजेरी पडली. सातव्या दिवशी ती आईबरोबर शिक्षकखोलीच्या दारात उभी राहिली. नवा पंजाबी ड्रेस, ओढणी दोन्ही खांद्यांवर पिनांनी टाचलेली, उन्हाने चेहरा रापलेला. मी सवयीने आवाज चढवला.

"सहा दिवस! तुम्हाला कागदावर तारीख लिहून दिली होती ना?"

"तिकीट नाय मिळाला, बाई," आई म्हणाली. "त्याच्यासाठी नाय इलंय. ही वही देवची होती."

दोनशे पानी वही होती. उघडली तर दर पानावर उभी रेघ मारून दोन भाग केलेले. डावीकडे मराठी, उजवीकडे इंग्रजी आणि खाली कंसात इंग्रजी शब्दाचा उच्चार मराठी अक्षरांत. अपूर्णांक, छेद, अंश, काटकोन, घनफळ. पेशी, ऊती, पचनसंस्था, घर्षण. सुरुवातीचं अक्षर एका मोठ्या मुलाचं, पुढे तिचं स्वतःचं. माझ्या कागदावर एक ओळ होती, मीच दोन वर्षांपूर्वी घातलेली: सेमीला जाणाऱ्यांनी सुट्टीत गणित-विज्ञानातले शब्द इंग्रजीतून शिकावेत. सत्तावीस वर्षांत माझा कागद वाचलेली एक मुलगी मला भेटली होती, आणि तिला मी दुसऱ्या वर्गात टाकलं होतं.

"हिचो चुलतभाव कॉलेजात हा, तेच्याकडसून लिवन घेतल्यान," आई सांगत होती. "रोज दुपारी पडवीत बसान पाठ करी. मिया म्हटलंय, अगो, बाईंनी अजून ठरवूक नाय. तर म्हणता, बाईंनी माझ्या गणिताच्या पेपरावर 'उत्तम' लिवलानी, म्हंजे सेमीच देतले."

मी अर्ध्या वर्गाच्या पेपरांवर 'उत्तम' लिहिते. ते मी तिला सांगितलं नाही.

"आता मराठीत हा तर ह्या वहीचा काय काम? सेमीतल्या कोणा पोरीक उपयोगी पडली तर द्या. चांगली लिवलेली हा."

मुलगी खाली बघत होती. फळ्यावरची यादी बघून रडून झालेलं होतं, ते डोळ्यांवरून कळत होतं.

"तुम्ही काही विचारणार नाही?" मी म्हटलं. "सेमी का नाही दिलं म्हणून?"

"नाय वो. मिया हिका सांगितलंय. बाईंनी खोडला म्हंजे इचार करूनच खोडला असतला."

मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती भांडायला आली असती तर मी भांडले असते. आमच्या धंद्यात भांडायची सवय असते, नियम दाखवता येतात, गुण दाखवता येतात. या वाक्याला दाखवायला माझ्याजवळ काही नव्हतं. क्षणभर वाटलं, वही ठेवून घ्यावी आणि म्हणावं, हो, तिच्या भल्यासाठीच. तिने ते मानलं असतं. मुलीनेही मानलं असतं आणि आपण सेमीच्या लायक नाही, हे जन्मभर धरून बसली असती.

"मी विचार केला नव्हता," मी म्हटलं. "दमले होते. तुमची पट्टी खाली होती आणि जागा संपल्या, म्हणून खोडलं."

आईने माझ्याकडे नीट बघितलं. ती रागावेल असं वाटलं, पण तिने फक्त गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. तिला कामावर जायचं होतं.

"मगे आता करा," ती म्हणाली.

मी मुलीला विचारलं, "तुला काय हवंय गं?"

तिने आईकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतंस? बाई तुका इचारतत."

"सेमी," मुलगी म्हणाली. आणि मग पटकन, "पण मला काही उच्चार येत नाहीत, बाई. 'घर्षण'चा तर मुळीच येत नाही."

"ते बघू," मी म्हटलं. एप्रिलमध्ये हे विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

वही तिच्या हातात परत दिली आणि मोठ्या बाईंकडे गेले. त्या वैतागल्या. याद्या वर गेल्यात, बाकं नाहीत, आता कुठे हे. मी म्हटलं, चूक माझी आहे, लेखी देते, एका बाकावर तिघी बसतील. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्याही माझ्याइतक्याच दमलेल्या असतात. कागद पुढे केला आणि मी लिहून दिलं की पालकांशी आणि विद्यार्थिनीशी चर्चा न करता मी परस्पर पर्याय खोडला.

त्यांनी ते वाचलं. "एकीचं केलंत," त्या म्हणाल्या. "बाकीच्या आठ जणांचं?"

मी पेनाला टोपण लावत राहिले.

"त्यांच्या घरून कुणी आलंय का? नाही ना? मग गप्प बसा. जुनी खपली कशाला काढता?"

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. जिन्यापर्यंत ते हायसं वाटणं टिकलं. कुणी आलं नव्हतं, कारण त्यांच्याही आया घरी तेच म्हणाल्या असणार. आठ मुलं, त्यातली पाच माझ्या रेघेने मराठीत आणि तीन माझ्याच रेघेने सेमीत, त्यांना झेपतंय की नाही हे न बघता. मी गप्प बसले असते तर मला कुणी काही म्हटलंही नसतं.

मधल्या सुट्टीत मी शिपायाकरवी आठही जणांना बोलावलं. मी येईपर्यंत ती सगळी मुलं शिक्षकखोलीच्या भिंतीला लागून ओळीने उभी होती, माना खाली, डबे तसेच हातात. मी काही बोलायच्या आत ओळीतल्या पहिल्या मुलीने हळूच विचारलं,

"बाई, आमचं काय चुकलं?"