अण्णांना सिनेमाचा शेवट सांगितला

क्लबच्या मंडळींनो, फेस्टिवलहून नुकतीच घाटकोपरला परतले. पायांचे तुकडे पडलेत. सोबत सासरे होते, अण्णा. गिरण्यांचा संप झाल्यापासून ते दोन वर्षं घरीच बसून आहेत, म्हणून बळेच नेलं.

पहिल्या सिनेमात ते चक्क घोरले. दुसऱ्यात कुठल्याशा परदेशी गावातली कापडगिरणी बंद पडते. अण्णा ताठ बसले. भाषा कळत नव्हती, तरी हलले नाहीत. कामगार फाटकाबाहेर उभे असतानाच सिनेमा संपला.

बाहेर त्यांनी विचारलं, "मगे, तेंची गिरण परत चालू झाली काय गो?"

समजावण्याचं त्राण नव्हतं. "झाली ना अण्णा," म्हटलं.

"मग आमची पण होतली!"

आता ते चाळभर हेच सांगत फिरतायत. तुम्ही काय उत्तर दिलं असतंत?