खालून आलेला उजेड

मी काही लिहावं एवढं माझं वाचन नाही. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. तेव्हा चुकलंमाकलं तर माफ करा.

हॉस्टेलवर मित्राच्या टॅबलेटवर मी एक चित्र रंगवत होतो. शिंगांचे, पंखांचे काल्पनिक प्राणी जाळाभोवती जमून एकमेकांवर तुटून पडलेत. त्यात भांडण सोडवायला आलेला एक म्हातारा रेडा. त्याच्या तोंडावर खालून तांबडा उजेड दिला आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या झाल्या, दात चमकले.

"हाच खरा खुनी दिसतोय की रे," मित्र हसला. "याला जामीन नाही मिळायचा."

माझा हात थांबला.

यंदा होळीपुढेच आमच्या भावकीत काठ्या चालल्या. चुलतभाऊ बापूचं डोकं फुटलं, रक्त राखेत सांडलं. जाळापलीकडे नामाकाका काठी उगारून उभे होते. काकांनीच मारलं, असं पोलिसांना मी सांगितलं. शिकलेला म्हणून सगळ्यांनी मानलं. तेव्हापासून काका कोठडीत आणि बापू बेशुद्ध.

मी घाव पाहिला होता, की नुसता चेहरा? मारायला उगारलेली काठी आणि अडवायला उगारलेली काठी जाळाच्या उजेडात सारखीच दिसते. मी उजेड वरून दिला. रेडा पुन्हा गरीब दिसू लागला.

दुपारी वडिलांचा फोन आला. "बापूनं डोळे उघडले." ते म्हणाले. "म्हणतो, काकानं काठी आडवी घातली, म्हणून वाचलो."