आधी त्यांचा अर्थ

संदेष्ट्यांची वचनं वाचण्यासाठी हिब्रू शिकायला गेले तेव्हा गुरुदक्षिणा म्हणून मी पाव किलो सोडे, म्हणजे सोललेली सुकी कोळंबी, नेले होते, ओळखीच्या कोळणीकडचे. डहाणूच्या चिकूवाडीत एकटे राहणारे ते निवृत्त मास्तर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांनी पुडी उघडली आणि पोट धरून हसले.

"अगं, खवले नसलेली मासळी आम्ही खात नाही. संदेष्टे राहू देत, आधी आमचं स्वयंपाकघर शीक!"

खवल्यांचा हा नियम आम्हा ख्रिस्त्यांच्याही शास्त्रात आहे आणि मी तो लहानपणापासून वाचत आलेय. नियम वाचायचा आणि सोडेही खायचे, दोन्ही आमच्या घरी सुखाने चालतं. मी ओशाळले. सोडे परत आणून वांग्यात घातले. टाकून देण्याइतकी काही ओशाळले नव्हते.

आमचं घर तलासरीकडचं, भातशेतीचं, आजोबांपासून ख्रिस्ती. मी शाळेत शिकवते आणि रविवारी प्रार्थनाघरात शास्त्र वाचते. संदेष्ट्यांच्या वचनांत माझा जीव जडला तो एका अध्यायावर. त्यात एक सेवक तोंडातून ब्र न काढता दुसऱ्यांचे घाव अंगावर घेतो. आम्ही त्याच्यात येशू पाहतो. तो अध्याय मूळ भाषेत वाचायचा, एवढाच माझा हट्ट.

"त्यांचा अर्थ ऐकशील नि आपला हरवून बसशील, बाय," आई म्हणाली. मी हसण्यावारी नेलं, पण धाकधूक मलाही होती.

त्यात काकांची, मास्तरांना मी काका म्हणायची, एक अट. कुठलाही उतारा आला की आधी त्यांच्या लोकांचा अर्थ मी सांगायचा. "हो, हे आमचंच" असं ते म्हणाले तरच पुढे.

दर रविवारी उपासना उरकून मी एसटीने डहाणू गाठायची. तिसऱ्या वर्षी सेवकाचा अध्याय आला. त्यांच्या मते हा सेवक म्हणजे एक माणूस नव्हे, सगळं इस्राएल राष्ट्र. मी तसं सांगितलं, आणि शेवटी हळूच येशूला आणून बसवलं.

"माझ्या घरात तुझा पाहुणा घुसवू नकोस," काका म्हणाले. पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या खेपेला त्यांनी पुस्तक मिटलं आणि घरचं सांगत बसले. मुलं इस्राएलला गेली. सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, ते आता इथे जमत नाहीत. तरी शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत ते विश्रांतिवाराचा दिवा लावतात. मी ऐकत होते, आणि घरोघर, देशोदेशी विखुरलेले, हिणवले गेलेले, तरी दिवा लावणारे लोक मला दिसायला लागले. मग मी तो अध्याय त्या लोकांचा म्हणून सांगितला, शेवटपर्यंत.

काकांनी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. "हो. हे आमचंच."

मला आनंद व्हायला हवा होता. पण सांगताना मी ते अगदी मनापासून मानलं होतं, आणि त्या अध्यायात माझा येशू कुठेच उरला नव्हता. आईचं खरं झालं, असं मला वाटलं.

काकांनी चष्मा पुसला. "आता माझी पाळी. तुम्ही म्हणता, देव लांबून बघत बसला नाही. स्वतः खाली आला, मार खाल्ला, थुंकी झेलली आणि मारणाऱ्यांसाठीच क्षमा मागितली. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्या शेजारी तो जाऊन बसतो. हे ऐकून तुझे आजोबा त्याचे झाले असतील, तर मला नवल वाटत नाही."

ते यातलं काहीही मानत नव्हते. तरी एक शब्द तिरका नव्हता. मी पदराने डोळे पुसत होते.

"बरोबर सांगितलं ना?"

"हो, काका. हे आमचंच."

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. पुढच्या रविवारी निघताना तिने हातात डबा दिला. मासळी डहाणूहून तलासरीला येते. आईचे दोन बोय मासे उलटे डहाणूला निघाले होते.

"साफ केलेत, पण खवले काढले नाहीत," ती म्हणाली. "त्यांना दिसू देत."