माझ्या वाट्याला आलेलं वचन

रविवारच्या प्रार्थनासभेत शास्त्रभाग वाचायची आमची पद्धत सोपी होती. सगळ्यांनी गोल बसायचं आणि एकेकाने एकेक वचन वाचायचं. एकाचं झालं की शेजारच्याने पुढचं. सोपी होती ती इतरांना. माझी शाळा सहावीतच सुटलेली. मोठं जोडाक्षर समोर आलं की मी बैलासारखा तिथेच उभा राहायचो. मग कुणीतरी प्रेमाने तो शब्द पुरवायचं, आणि त्या प्रेमानेच मला घाम फुटायचा.

म्हणून मी एक युक्ती शोधली होती. वाचन सुरू झालं की मी माणसं मोजायचो. माझा नंबर सातवा असेल तर सातवं वचन शोधायचं, त्याच्यावर बोट ठेवायचं आणि पाळी येईपर्यंत मनातल्या मनात घोकायचं. आधीच्या सहा जणांनी काय वाचलं ते माझ्या कानावरून जायचं. माझं वाचून झालं की सुटलो म्हणून पुढचं ऐकायचं राहायचं. दोन वर्षं मी असा देवाचं वचन ऐकायला जात होतो, आणि खरं सांगायचं तर दर आठवड्याला एकच ओळ घेऊन परत येत होतो.

सभा गुडगावच्या एका नव्या टॉवरमध्ये, नवव्या मजल्यावर भरायची. घर पुण्याच्या एका जोडप्याचं. दोघंही कंपन्यांमध्ये मोठ्या नोकरीला. त्यांना मी दादा आणि ताई म्हणायचो, जरी दादा माझ्याहून वर्षभराने लहान असावेत. मी मानेसरला एका कारखान्यात प्रेसवर होतो, गाड्यांच्या दारांचे पत्रे कापायचो. खालचा वॉचमन दर रविवारी मला अडवून विचारायचा, "किसके यहाँ काम करते हो?" आणि वर गेलं की ताई दारातच आमच्या ख्रिस्ती रीतीने म्हणायच्या, "सलाम भाऊ, आत या, चपला असू द्या." एवढ्या मोठ्या घरात मला कुणी भाऊ म्हणतं, याचे उपकार मी अजून विसरलेलो नाही.

माझी बायको आणि मुलगी नगरकडे, आमच्या गावी. मुलगी सहावं लागायच्या बेताला आलेली. त्यांना आणायचं हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं, पण माझी अट होती. घर भरलेलं पाहिजे, मगच आणायचं.

ही अट उगाच नव्हती. मी लहान असताना माझ्या वडिलांनी आईला आणि मला एकदा त्यांच्या कामाच्या गावी नेलं होतं. खोलीत एक चटई आणि एक पातेलं. शेजारच्या बायका दारातून डोकावून हसल्या. महिन्याच्या आत आई मला घेऊन परत आली आणि त्या महिन्याबद्दल पुन्हा कधी बोलली नाही. माझ्या बायकोकडे बघून कुणी असं हसता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तेव्हा बाजारात रोज नवीन वस्तू यायची. दिवाळीत कंपनीने मिक्सर दिला, पुढच्या दिवाळीत स्टीलचा डिनर सेट आणि दुहेरी ब्लँकेट. मग मी सेलमधून रंगीत टीव्ही घेतला. मग कूलर, फोल्डिंगचा पलंग, आणि शेवटी फ्रिज. यातलं मी काहीही उघडलं नव्हतं. घरची माणसं येतील तेव्हा सगळं कोरं दिसलं पाहिजे. खोली दहा बाय दहाची. भिंतीला खोकी लावलेली, पलंग प्लास्टिकमध्ये उभा, आणि मी त्यांच्या मधल्या पट्टीत चटईवर झोपायचो. एकाच ताटलीत जेवायचो, आणि डिनर सेटच्या खोक्यावर बायबल ठेवायचो.

घरमालक हरियाणवी म्हातारा, खाट टाकून अंगणातच बसलेला असायचा. एकदा आत डोकावून म्हणाला, "रै भाई, तू यहाँ रहता है या गोदाम चला रखा है?"

"परिवार आएगा ताऊजी, उनके लिए है."

"परिवार बैठेगा कहाँ? फ्रिज के ऊपर?"

मी हसलो, पण त्याचं बोलणं मनाला लागलं. खरंच, माणसांना जागाच नव्हती. मग मीच विचारलं, मागची मोठी खोली मिळेल का? तो म्हणाला, मिळेल, पण सोमवारपर्यंत सांग, दुसरं गिऱ्हाईक आहे. मोठ्या खोलीला भाडं जास्त. त्याच आठवड्यात सुपरवायझरने विचारलं, वर्षभर रविवारी ओव्हरटाइम करशील का? त्यालाही सोमवारी उत्तर हवं होतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी आल्या म्हणजे ही देवाचीच योजना, असं मी धरून चाललो. एक वर्ष रविवार द्यायचे, मोठी खोली घ्यायची, ती नीट लावायची आणि मग घरच्यांना आणायचं. मुलगी पहिलीला तिकडेच गावच्या शाळेत जाईल. एकच वर्ष.

बायकोला एसटीडी बूथवरून हे सगळं एका दमात सांगितलं. मीटर पळत होतं.

"अगं, ऐकतेस ना?"

"ऐकते. मागच्या वर्षी कूलर राहिला होता. त्याच्या आधी टीव्ही. आता खोली राहिली."

"तुझ्यासाठीच करतोय ना?"

"मी कधी मागितला होता फ्रिज?" ती म्हणाली. "पोरगी विचारते, पप्पा फोनमध्येच राहतात का. तिला काय सांगू ते तेवढं सांगा."

मी म्हणालो, रविवारी कळवतो.

त्या रविवारी सभेला गेलो तो माझी शेवटची सभा म्हणूनच. शेवटी प्रत्येक जण प्रार्थनेची विनंती सांगतो, तेव्हा काय म्हणायचं तेही शेअर ऑटोत बसून जुळवून ठेवलं होतं. "प्रभूने मला मोठी खोली दिली आहे, रविवारचं कामही दिलं आहे, त्यासाठी आभार माना आणि पुढच्या वर्षासाठी प्रार्थना करा."

गीत झालं. दादांनी लूकच्या शुभवर्तमानातला बारावा अध्याय काढायला सांगितला, कुठून सुरू करायचं ते सांगितलं. मी माणसं मोजली. माझा नंबर सातवा. बोट सरकवत सातव्या वचनावर गेलो आणि जीव भांड्यात पडला. सोपं वचन होतं. त्यात एक माणूस आपल्या जिवाशी बोलतो, की बाबा रे, पुष्कळ वर्षं पुरेल एवढं साठवून झालंय, आता विसावा घे, खा, पी, मजा कर. मला ते फार आवडलं. वाटलं, बघ, देवाने तुझ्याच मनातलं तुझ्या तोंडी घातलं. लहानपणी शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, येशूने सांगितलेला हा दाखला ऐकलेला होता, पण अक्षरं जुळवणाऱ्या माणसाला अर्थापर्यंत पोचायला वेळ नसतो. मी आपला घोकत बसलो. विसावा घे, खा, पी.

तिसऱ्याचं वाचन चाललं होतं, तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. मग लगेच दुसरी. ताई माझ्या आधीच्या नंबरवर होत्या. "अय्या, डाळ!" म्हणून त्या उठल्या आणि आत गेल्या. पाचव्याचं वचन संपलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

माझं बोट सातव्यावर. वाचायचं होतं सहावं.

मी एक ओळ वर गेलो आणि वाचायला लागलो. तयारी नव्हती, त्यामुळे शब्द एकेक करून उचलावा लागला, आणि उचलताना प्रत्येकाचं वजन कळत गेलं. तो माणूस म्हणतो, मी असं करीन. माझी कोठारं मोडीन. मोठी बांधीन. माझा सगळा माल त्यात भरीन. "कोठारं" या शब्दावर मी थांबलो. तो शब्द अवघड नव्हता. पण मला ताऊजीचा आवाज ऐकू आला. गोदाम चला रखा है?

कुणीतरी हळूच शब्द पुरवला. मी म्हणालो, "येतंय मला." आणि वचन पूर्ण केलं.

माझ्या शेजारच्याने माझं घोकलेलं सातवं वाचलं. आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, मी पुढचं ऐकलं. देव त्या माणसाला मूर्ख म्हणतो. आजच तुझा जीव मागितला जाणार आहे, मग हे सगळं कुणाचं होणार? म्हणजे ज्या वचनाला मी आशीर्वाद समजून घोकत होतो, ते वचन त्या मूर्खाच्या तोंडचं होतं.

वाचन संपलं. विनंत्या सुरू झाल्या. एकाने आईच्या गुडघ्यांसाठी सांगितलं, एकाने परीक्षेसाठी. माझी पाळी आली. ऑटोत जुळवलेलं वाक्य ओठावर होतं, मोठ्या खोलीसाठी आभार माना. आता ते म्हणायचं कसं? मी बायबल मिटून मांडीवर ठेवलं.

ताई आतून येऊन बसल्या होत्या. "भाऊ, काय झालं?"

"घरच्यांसाठी प्रार्थना करा," मी म्हणालो.

"आजारी आहेत का?"

"नाही. बरे आहेत सगळे."

"मग वहिनी आणि मुलगी इथे का नाहीत?"

साधा प्रश्न होता. दोन वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी सांगून टाकलं. खोकी, पलंग, फ्रिजवर ठेवलेली ब्लँकेटची कोरी पिशवी, मधली पट्टी, मोठी खोली, रविवार. सांगताना माझं मलाच हसू यायला लागलं, आणि हसता हसता रडूही. ताई म्हणाल्या, "म्हणजे फ्रिज खोक्यात आणि तुम्ही जमिनीवर?"

"हो."

"आणि फ्रिजच्या अंगावर दोन ब्लँकेटं?"

"एकच आहे. दुहेरी," मी म्हणालो, आणि सगळे हसले. त्यात टोचणारं काही नव्हतं. ज्या हसण्याला मी जन्मभर भीत होतो ते असंही असू शकतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दादा मात्र हसले नाहीत. त्यांच्या हातात कागद होता. "मी या दाखल्यावर दोन पानं टिपण काढून आणलं होतं," ते म्हणाले. "डाव्या बाजूच्या टॉवरमधल्या श्रीमंतांबद्दल होतं सगळं. आम्ही दोघांनी गेल्याच महिन्यात नोएडाला दुसरा फ्लॅट बुक केला, ते त्यात कुठेच नाही." त्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली. ताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते त्यांचं दोघांचं होतं. मग आम्ही प्रार्थना केली आणि डाळभात जेवलो.

कुकरची शिट्टी देवाने वाजवली, असं मी कधीच म्हणालो नाही. डाळ शिजली होती म्हणून ती वाजली. सोमवारची खोली आणि सोमवारचा ओव्हरटाइम जुळले तेव्हा मी घाईघाईने देवाचं नाव लावलं होतं, तो धडा पुरे आहे. पण आपण आपल्यापुरतं मोजून ठेवलेलं वचन बाजूला सरकवून तो आपल्याला हवं नसलेलं वचन वाचायला लावू शकतो, एवढं मी मानतो.

जेवून खाली उतरलो ते थेट बूथवर.

"या तुम्ही दोघी," मी म्हणालो. "याच महिन्यात."

"मोठी खोली घेतली?"

"नाही. आहे तीच."

"आणि मग सामान कुठे जाईल?"

"उघडतो ना."

"आधी उघडा," ती म्हणाली. "मला काय खोक्यांशी संसार करायचाय?" आणि मग तिचा आवाज बदलला. "खरंच येऊ ना? पोरीला सांगू? सांगितलं की मग फिरवता येणार नाही हं."

"सांग."

सोमवारी दोन्हीकडे नाही म्हणालो. सुपरवायझरने खांदे उडवले. रविवारचं काम दुसऱ्याने घेतलं आणि पुढे बढती मिळून ऑपरेटरही तोच झाला. याची चुटपुट लागली नाही म्हटलं तर खोटं होईल.

पुढच्या सुट्टीला ब्लेड घेऊन बसलो. दारात थर्माकोलचा ढीग लागला. टीव्ही लावला तर चित्र उलट्यासुलट्या पट्ट्यांचं, आणि गॅरंटी खोक्यातच संपलेली. ब्लँकेटला उंदरांनी मधोमध भोक पाडलेलं. शास्त्रात साठवलेल्या धनाच्या शत्रूंमध्ये कसर आहे, चोर आहे. उंदराचं नाव नाही, पण तोही त्याच कामावर असावा. फ्रिज मात्र पहिल्याच बटणाला घुमायला लागला. आत ठेवायला माझ्याकडे पाण्याची एक बाटली होती. ती ठेवली.

बायको आली आणि दारात उभी राहिली. मी तिचं तोंड बघत होतो. मागून शेजारणी डोकावतच होत्या. तिने खोलीभर नजर फिरवली, भोक पडलेलं ब्लँकेट उचलून भोकातून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "चला, हवा तरी येईल." मग शेजारणींना, तिला येत होतं तेवढ्या हिंदीत, "आओ ना, बैठो." बसायला पलंग होता. पोरगी फ्रिज उघडून बाटलीला हात लावत होती, पुन्हा पुन्हा.

मुलीचा इथल्या सरकारी शाळेचा फॉर्म ताईंनी ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत बसून भरला.

त्या रविवारी आम्ही तिघं नवव्या मजल्यावर गेलो. वॉचमनने विचारलं, "किसके यहाँ?" मी म्हणालो, "अपनों के यहाँ, भाई." शास्त्रभाग होता त्याच अध्यायाचा पुढचा, कावळे आणि रानफुलांचा. सवयीने मी मोजायला लागलो. पण मुलगी माझ्या मांडीवरून उठून ताईंकडे गेली, परत आली, मध्येच बसली, आणि माझी मोजणी दोनदा चुकली.

बायको दहावी झालेली. तिने तिचं वचन झरझर वाचलं. मग पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि माझ्या ओळीवर बोट ठेवलं. मी घोकलेलं नव्हतं. तिसऱ्या शब्दाला अडलो.

कुणी शब्द पुरवला नाही. ती बोट तिथेच धरून थांबली, आणि मी तो शब्द जोडीपर्यंत सगळे थांबले.