राणीच्या डोळ्यांतलं पाणी

आमच्या खेळातली राणी खरं पाणी रडायची. दोरीवर बाहुल्या नाचवणारे तळा तालुक्यात तेव्हा आणखीही होते, पण मेलेल्या मुलाला मांडीवर घेऊन टपटप टिपं गाळणारी बाहुली फक्त आमच्या घरात. खेळ संपला की बायका तिची ओटी भरायच्या. आणि पडद्यामागे मी, विशीतली शहाणी, कमरेला पदर खोचून अशी उभी राहायचे, जणू समुद्राला भरती मीच आणते.

हे गुपित मला सासऱ्यांनी दिलं. देताना अट घातली, "सुनेला सांग, लेकीला न्हाय. लेक उद्या दुसऱ्याच्या घरी जाईल, तिच्यासंगं राणीपण जाईल." मी मान डोलावली. मान डोलावण्यात मी तेव्हा आमच्या बाहुल्यांपेक्षा तयार होते.

माझ्या लेकीला मात्र त्या राणीचं वेड. प्रत्येक खेळाला ती पहिल्या रांगेत, गोणपाटावर फतकल मारून बसायची. राणीचा मुलगा मेला की हिचा हुंदका सगळ्या गावाच्या आधी. दहा वर्षांची असताना एकदा पडदा उचलून आत घुसली.

"आये, ती खरंच रडते का गं?"

मी तिच्या थोबाडीत मारली, तीही लोकांसमोर. वर म्हटलं, "तिलाच विचार!" काय हजरजबाबी वाटले होते मी मला!

लग्न होऊन थळला जाताना तिने पुन्हा विचारलं, "आता तरी सांग."

"आता तर मुळीच न्हाय," मी म्हटलं, आणि घराण्याचं केवढं राखलं या ऐटीत तिची पाठवणी केली.

मग बऱ्याच वर्षांनी धाकट्या मुलाचं लग्न झालं, सून आली. तिला सांगायला गेले तर म्हणाली, "आई, मोबाईलवर असलं कायकाय दिसतं हल्ली. तुम्ही कशाला हात दुखवून घेता?" ती आणि मुलगा आता पनवेलला असतात.

खेळ मी करतच राहिले. पण लेक सासरी गेल्यापासून राणीचं रडणं चुकायला लागलं. कधी मुलगा मरायच्या आधीच रडायची, कधी त्याला उचलून नेल्यावर. लोक हसायचे. मी करंगळीला दोष दिला, म्हातारपणाला दिला, लोकांनाही दिला. शेवटचे खेळ दिवेआगरला झाले, वाडीत उतरलेल्या पाहुण्यांसमोर. त्यांना राणी नकोच होती, पडद्यामागची म्हातारी हवी होती, फोटोला.

यंदा लकवा मारला आणि उजवा हात लुळा पडला. तेव्हा कुठे अक्कल आली. लेकीला फोन केला, "ये, सांगते."

ती आली. पन्नाशी गाठलेली, गुडघ्यावर हात ठेवून ओटीची पायरी चढणारी. मी राणी तिच्या मांडीवर ठेवली. "डोकं उघड."

तिने मागची फळी सरकवली. आत कापसाचा बोळा, सकाळीच मी डाव्या हाताने भिजवून ठेवलेला, त्याला दोरीचा फास. करंगळीने दोरी ओढली की बोळा पिळला जातो आणि डोळ्यांच्या भोकांतून पाणी येतं.

तिने वाकून आत बघितलं.

"एवढंच?"

"एवढंच कसं? कधी ओढायचं ते कळायला हवं," उरलासुरला तोरा गोळा करून मी म्हटलं.

"मग कधी ओढायचं?"

आणि मला सांगता येईना. पडद्यामागून समोरचं काही दिसत नाही, नुसतं ऐकू येतं. इतकी वर्षं मी कशाच्या चाहुलीवर ओढत होते? डोळे मिटून एक जुना खेळ आठवत गेले, मुलगा मरेपर्यंत. मग थांबले. मी हुंदक्याची वाट बघायचे. पहिल्या हुंदक्याची.

"तू रडलीस की," मी म्हटलं.

तिला कळलं. तिने करंगळीत दोरी अडकवली आणि ओढली. राणीच्या गालांवरून पाणी ओघळलं, लेकीच्या साडीवर सांडलं. आम्ही दोघी ते बघत बसलो. मी कान देऊन होते, अजूनही, वेडी.

"राणीला थळला घेऊन जा तू," शेवटी मी म्हटलं.

तिने फळी नीट बसवली, राणी माझ्या डाव्या हातात दिली. "नको गं आये. आता मला रडू यायचं न्हाय. आत काय हाय ते बघितलं ना."