सीटवर ठेवलेली गादी

मी बांधलेल्या कॉकपिटचं कुणी कौतुक केलं की अजूनही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

महाडला माझा फायबरचा कारखाना आहे. पाण्याच्या टाक्या, पुरात लागणाऱ्या होड्या, असली कामं. धाकटा भाऊ घाटावरच्या एका क्लबात ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, चालवायला शिकवायचा. तिथल्या एका जुन्या ग्लायडरचं कॉकपिट नव्याने बांधायचं ठरलं तेव्हा त्याने माझं नाव पुढे केलं. मग दीड वर्ष मला दुसरं काही सुचलं नाही. त्यात बसणार होता तो माझा भाऊ.

ग्लायडरमध्ये वैमानिकाचे पायच विमानाच्या नाकात असतात आणि बूड जमिनीपासून वीतभर वर. म्हणून नाक असं बांधायचं की आपटल्यावर ते चेपत जाईल आणि माणसाभोवतीचा पिंजरा टिकेल. सीटवर घट्ट फोम बसवायचा, हळूहळू दबणारा, परत न उसळणारा. त्यावर मऊ काहीही ठेवायचं नाही. विमान आपटलं की सीट थांबते, माणूस खाली जातच राहतो. मऊ गादी क्षणात दबून संपते आणि पाठीचा कणा सीटवर आणखी जोरात आदळतो. हे मी भेटेल त्याला ऐकवायचो. लोक मला बघून रस्ता बदलायला लागले होते.

भाऊ पहिल्यांदा त्यात बसला आणि म्हणाला, "दादा, पाटावर बसल्यासारखं वाटतंय." मी खेकसलो, "सोफा हवा असेल तर घरी बस." त्याने ते हसत हसत आईला सांगितलं.

आमच्या वरंधकडच्या वाडीत घरातलं कुणी गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलं की आईने सावरीचा कापूस भरून त्याला गादी शिवून द्यायची. टेम्पो असो नाहीतर एसटी, बुडाखाली घरची गादी हवीच. कॉकपिट क्लबात न्यायच्या दिवशी आई दोन गाड्या बदलून, भर उन्हात, गादी काखेत घेऊन कारखान्यात हजर.

"इमान झालं म्हून काय झालं? बसायला तर लागतंय ना?" ती म्हणाली. "तूच ठेव रे आपल्या हातानं. तू थोरला हायस."

मी तोंड उघडलं. कामगार बघत होते, भाऊ कौतुकाने आईकडे बघत होता. मी गादी सीटवर ठेवली, वर थापटलीसुद्धा. उद्या फोन करून काढायला सांगू, असं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी टाक्यांची मोठी ऑर्डर आली आणि फोन राहिला. तो राहिला तो राहिलाच.

पुढे उतरताना एकदा वाऱ्याने दगा दिला आणि ग्लायडर दोन माणूस उंचीवरून सपाट आपटलं. नाक ठरल्याप्रमाणे चेपलं. पिंजऱ्याला तडाही गेला नाही. भावाचा कमरेचा मणका फुटला, पाय कायमचे गेले. तपासायला आलेल्या अधिकाऱ्याने गादी उचलून पाहिली आणि म्हणाला, "ही नसती तर कदाचित चालत बाहेर आला असता." त्याने हे सहज सांगितलं. माझ्या छातीत ते अजून रुतून आहे.

गावाने माझा सत्कार केला. भावाचा जीव वाचवणारा कारागीर! शाल, नारळ, लांबलचक भाषणं. मी माकडासारखा खुर्चीत बसलो होतो. भाऊ पुढच्या रांगेत व्हीलचेअरवर टाळ्या वाजवत होता, आणि शेजारी आई कुणाला तरी सांगत होती, "माजी गादी व्हती म्हून वाचला गो. नायतर काय ऱ्हायलं असतं?"

कार्यक्रम संपल्यावर मी भावाला उचलून गाडीत बसवलं. आई मागे होती, तिला ऐकू जाणार नव्हतं. मी चिडूनच विचारलं, "शंभरदा सांगितलं होतं मी, मऊ काही चालत नाही. मग काढली का नाहीस?"

"तू ठेवलीस ना," तो म्हणाला. "मला वाटलं, तू तपासली असशील."