सोजराबाईचा उजवा अंगठा

सोजराबाईला सापाची, विंचवाची भीती कधी वाटली नाही. तिला भीती होती ती जालन्याच्या खोलीची. मुलगा सागर तिथं लोखंडाच्या कारखान्यात होता. दोन वर्षांपूर्वी तो तिला घेऊन गेला आणि ती अकरा दिवस राहिली. सून प्रतीक्षा गुणाची पोर. सासूच्या हातातलं प्रत्येक भांडं काढून घ्यायची आणि म्हणायची, तुम्ही बसा. सोजराबाई बसली. अकरा दिवस भिंतीला टेकून बसली, आणि बाराव्या दिवशी मेहकरची गाडी धरून परत आली. शेजारच्या फातिमानं विचारलं तर एवढंच म्हणाली, "बसून बसून माणूस मरते, फातिमा. कोणाले समजत बी नाही."

तिचं घर डोणगावच्या अलीकडच्या एका लहान गावात होतं. दोन खोल्या, वर टिनं. नवरा जाऊन बारा वर्षं झाली होती. शेत नव्हतं. पावसाळ्यात निंदण, हिवाळ्यात कापसाची वेचणी आणि महिन्याचं रेशन, एवढ्यावर ती एकटी निभावून नेत होती. सागरनं फातिमाच्या फोनवर तिला बजावून ठेवलं होतं की तिथलं धान्य बंद झालं तर तो गाडी घेऊन येईल आणि घराला कुलूप लावूनच परत जाईल. तो मायेनंच बोलत होता. पण ते कुलूप तेव्हापासून तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

त्यातच रेशनच्या दुकानात अंगठ्याची मशीन आली. दुकानदार नारायणराव बायांची बोटं एकेक करून काचेवर टेकवून पाहायचे. सोजराबाईची वेळ आली की मागच्या बाया खालीच बसून घ्यायच्या. चाळीस वर्षांच्या वेचणीत बोंडांच्या वाळल्या टोकांनी तिची बोटं घासून पार गुळगुळीत केली होती. दहापैकी फक्त उजवा अंगठा लागायचा, आणि तोही चौथ्या-पाचव्या खेपेला. हिरवा दिवा लागला की मगच धान्य मिळायचं.

आणि मग त्या फोनची बोलवा उठली.

पहिल्यांदा कोण बोललं ते कुणालाच सांगता येणार नाही. गिरणीवर ऐकलं, मेहकरच्या गाडीत ऐकलं, असंच सगळे सांगत. नवा फोन येऊन राह्यला, अजून बाजारात निघाला नाही. त्याला एकही बटण नाही. मालकाचा अंगठा टेकला की उघडतो आणि दुसऱ्याचा टेकला तर कायमचा बंद होतो. पाण्यात पडला तरी मरत नाही. पुढं गोष्ट वाढत गेली. रेशनची मशीन आता बंद होणार, गहू-तांदूळ, निराधारचे पैसे, बँक, सगळं त्या फोनमधूनच मिळणार. ज्याचा अंगठा तीन वेळा लागला नाही त्याचं नाव यादीतून आपोआप जाणार. एका म्हाताऱ्यानं पारावर म्हटलं होतं की आता मेलेल्या माणसाचा अंगठा कापून ठेवा लागन. लोक हसले. सोजराबाई पाण्याची घागर घेऊन तिथून जात होती, तिला हसू आलं नाही.

फातिमाचा भाचा जाकीर याचं डोणगावात मोबाइलचं दुकान होतं. बाजाराच्या दिवशी दोघी तिथं गेल्या. दुकानाच्या काचेवर मोठा कागद चिकटवला होता. त्यावर लाल कापडानं झाकलेली एक वस्तू आणि खाली एकच शब्द, 'लवकरच'. जाकीरनं एक वही केली होती आणि ज्याला फोन पाहिजे त्याचं नाव तो लिहून घेत होता. दीडशेच्या वर नावं झाली होती.

"तू पायला का रे फोन?" फातिमानं विचारलं.

"मी कुठून पायतो, मावशी? फोटोत बी तो कापडाखालीच हाय."

अंगठ्याचं मात्र खरं असावं, असं तो म्हणाला, कारण त्याच्या स्वतःच्या फोनलाही तसं होतं. तिचा अंगठा भरून घ्यायला त्यानं फोन सोजराबाईपुढं धरला. तिनं पदराला अंगठा पुसला आणि टेकवला. फोन हातातल्या हातात थरथरला. पुन्हा टेकवला, पुन्हा थरथरला. जाकीर भला पोरगा, हसला नाही. पण जे बोलला ते हसण्यापेक्षा वाईट होतं. "मावशी, तुमचा अंगठा याले दिसूनच नाही राह्यला."

तिनं वहीत नाव लिहायला सांगितलं आणि परतीच्या गाडीत पदर डोक्यावर ओढून, अंगठा मुठीत धरून बसली. फातिमाला वाटलं, बाईला उन्हाचा त्रास झाला असेल.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई शालिग्रामच्या शेतात वेचणीला आली तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याला जुन्या लुगड्याची चिंधी गच्च बांधलेली होती. लागलं का, म्हणून बायांनी विचारलं. ती म्हणाली, "नाही. रेघा वाढवून राह्यली."

त्या वर्षी वेचणी आधीच जिवावर आली होती. बीटीचं बियाणं पहिल्यांदा आलं तेव्हा आता या कापसाला अळी म्हणून लागणार नाही, असं सगळे सांगत होते, आणि काही वर्षं ते खरंही वाटलं. यंदा मात्र बोंड फोडलं की आत गुलाबी अळी. बोंडं नीट उमलतच नव्हती. आतला कापूस पिवळा पडून दगडासारखा घट्ट बसलेला. त्याला कवडी म्हणतात. कवडी उपसायची तर अंगठ्याचाच जोर लागतो, आणि सोजराबाईनं तर अंगठाच बांधून ठेवला होता. ती दोन बोटांत बोंड धरी आणि डाव्या हातानं ओरबाडी. बाकीच्यांची कपाशीची एक तास, म्हणजे ओळ, संपून दुसरी लागली तरी हिची पहिली अर्ध्यावर. शालिग्राम दोन-तीनदा नुसता बघून गेला. बाया म्हणायच्या, सोजरामायनं अंगठ्याले नवरी करून ठेवलं, हळद कधी लावतं म्हणाव. ती मान खाली घालून वेचत राहायची.

घरीही तिनं राखेनं भांडी घासणं सोडलं. डाव्या हातानं झाडायची. अंगठ्याला सकाळी खोबरेल तेल आणि संध्याकाळी फातिमाच्या घरच्या दुधाची साय. उजेडात बोट धरून ती दिवसातून दहादा पाही. तिसऱ्या आठवड्यात जुनी कातडी सोलून निघाली. सातव्या आठवड्यात अंगठा लहान पोरासारखा मऊ झाला आणि त्यावर बारीक रेघा दिसू लागल्या. तिनं फातिमाला दाखवल्या. फातिमानं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "हाव बाई, शेत नांगरल्यावानी दिसते."

दोघी पुन्हा जाकीरकडे गेल्या. कापडाखालचा फोन अजून कापडाखालीच होता. पण या वेळी जाकीरनं स्वतःच्या फोनमध्ये तिचा अंगठा भरून घेतला आणि मग टेकवायला सांगितलं. टेकवला तसा फोन उघडला. तिनं पुन्हा टेकवला, पुन्हा उघडला. पाच वेळा केलं तिनं. त्या दिवशी घरी येताना ती गाडीत फातिमाला सागरच्या लहानपणीच्या गोष्टी सांगत होती.

मागच्या महिन्याचं धान्य तिनं जुनी कातडी निघायच्या आधीच उचललं होतं. या महिन्याचं मात्र उशिरा आलं. वाटप सुरू झालं तेव्हा महिना संपायला आठच दिवस उरले होते, आणि महिना उलटला की न उचललेलं धान्य बुडायचं. सोजराबाई पिशवी घेऊन गेली आणि न सांगताच अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. तिला काही वाटलं नाही, पहिल्या खेपेला तो लालच असायचा. पाचव्या खेपेलाही लाल. नारायणरावांनी काच पुसली, तिचा अंगठा पुसला, स्वतःच्या हातानं दाबून धरला. मग बाकीची नऊ बोटं लावून पाहिली. सगळी लाल. त्यांनी तिचा अंगठा उलटून उजेडात धरला आणि बराच वेळ पाहिला.

"हे काय केलं बाई तू?"

तिनं सांगितलं. चिंधी, तेल, साय, फोन, सगळं सांगितलं. नारायणरावांना रागावता येईना. मशीनमध्ये तिचा जुना, झिजलेला अंगठा भरलेला आहे, असं त्यांनी समजावून सांगितलं. या अंगठ्यात आणि त्या अंगठ्यात मेळ लागत नसावा. त्यांना तरी कुठं नक्की ठाऊक होतं? मेहकरला जाऊन नवे ठसे द्यावेत, पण ते वर चढायला किती दिवस लागतील सांगता येत नाही. "आणि एकदा हा नवा अंगठा देला," ते म्हणाले, "त मग तो असाच ठेवा लागन. पुन्हा वेचणी केली, घासला, त आजच्यासारखंच होईन."

ती दुकानाच्या पायरीवर बसली. मऊ अंगठा ठेवायचा तर वेचणी सोडायची. वेचणी सोडायची तर खायचं काय? आणि खरखरीत अंगठा परत आणायचा तर उद्या तो फोन आल्यावर काय? पलीकडे बाया पिशव्या भरून चालल्या होत्या. कुलूप, गाडी, जालन्याची भिंत, सगळं तिला एका रांगेत दिसलं. मग रिकामी पिशवी घडी करून ती उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शालिग्रामच्या शेतात सगळ्यांच्या आधी पोचली. चिंधी नव्हती. ज्या तासांत कवडीच कवडी होती, ज्या बाकीच्या बाया टाळत होत्या, त्या तिनं मागून घेतल्या. मऊ कातडीत पहिल्याच दिवशी बोंडाची टोकं घुसली. ती थांबली नाही. घरी आल्यावर राखेनं भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. फातिमानं सायीची वाटी आणली तर ती परत पाठवली. सहा दिवस असे गेले. अंगठा सुजला, मग सूज उतरली आणि तो काळा पडला. त्या दिवसांत सागरचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा तिनं फातिमाला सांगायला लावलं, माय वावरात हाय.

शेवटच्या दिवशी ती दुकानात गेली. पहिल्या खेपेला लाल. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या, सातव्या खेपेला लाल. मागच्या बायांपैकी आज कुणी खाली बसलं नव्हतं. नारायणराव म्हणाले, थोडं थांबून लावू. तिनं अंगठा पदरात धरून ठेवला, ऊब दिली आणि पुन्हा टेकवला. नवव्या खेपेला हिरवा दिवा लागला. नारायणरावांनी घाईघाईनं धान्य मोजून दिलं, जणू मशीनचा विचार बदलेल म्हणून.

पिशवी डोक्यावर घेऊन ती निघाली तर अर्ध्या वाटेत फातिमा भेटली. हिरवा लागल्याचं ऐकून तिनं देवाचे आभार मानले. मग जराशी घुटमळली. जाकीरचा निरोप आला होता. पाडव्याच्या सुमारास फोन येणार, असं त्याला वरून कळलं होतं. या वेळी पक्कं.

"अंगठाच लागते का त्याले?" सोजराबाईनं विचारलं.

"त्याले बी ठाऊक नाही. कोणी म्हणते अंगठा, कोणी म्हणते आता डोळा पायतात."

सोजराबाई उभी राहिली. डोक्यावरचं ओझं तिनं एका हातानं सावरलं. दुसऱ्या हातानं ती डोळ्याचा कोपरा चाचपून पाहत होती. तिच्या त्या डोळ्यात दोन वर्षांपासून पांढरं आलं होतं.

"जाकीरले म्हण," ती म्हणाली, "वहीतून माझं नाव काट."

फातिमानं बरं म्हटलं आणि ती आपल्या वाटेनं गेली. वीस-पंचवीस पावलं गेली असेल, तेवढ्यात मागून हाक आली.

"फातिमा. राहू दे. सांगू नको त्याले."

आणि पिशवी सावरत सोजराबाई घराकडे चालू लागली, एक डोळा मिटून, मग तो उघडून दुसरा मिटून, रस्ता कोणत्या डोळ्यानं किती दिसतो ते पाहत.